मालक वेल्डिंगला बसले तो दिवस

"फट ठेवायची म्हंजे किती?" अण्णानं विचारलं, आणि म्हातारा तयार झाला हे मला तिथंच कळलं.

शेडसमोरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं उभे होतो. मी, बजरंग आणि शिवलिंगअण्णा. अण्णाच्या हातातल्या चहावर साय धरली होती. इतका वेळ तो नुसती मान हलवून नाही म्हणत होता, आणि आता एकदम हा प्रश्न.

"लई न्हाई," मी म्हणालो. "खडूच्या रेघेएवढी. रेघेच्या बाहेरनं कापताय ते आतनं कापा. बास."

"म्हंजे तुकडा आखूड."

"आखूडच पायजे की अण्णा. त्याशिवाय फट कशी पडंल?"

"आखूड तुकड्यापाय मी पोरास्नी बडवलंय," अण्णा म्हणाला. "धनपाललासुदिक बडवलंय."

धनपाल म्हणजे आमचे मालक, धनपाल मगदूम. आष्ट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून त्यांची ट्रॉल्या बनवायची शेड होती. उसाचा हंगाम तोंडावर आला की साऱ्या तालुक्याला एकदम ट्रॉली पाहिजे असते आणि तीही कालच पाहिजे असते. गणपती उठले की आमचं मरण सुरू व्हायचं. हजेरीवर काम. सकाळी आठला यायचं हे ठरलेलं, जायचं कधी ते मालक सांगतील तेव्हा. कधी आठ वाजायचे, कधी नऊ. हजेरी तेवढीच. बजरंग म्हणायचा, माझ्या म्हशीनं मला उजेडात बघितलेलंच नाही, धार काढायला बसलो की परका गडी समजून लाथ घालते. आम्ही हसायचो, पण त्याच्या पोटरीवरचा लाथेचा वण खरा होता.

त्या वर्षी मालकांनीच विषय काढला. हजेरी बंद करू, उक्तं काम देतो म्हणाले. जेवढ्या चासी कराल तेवढे पैसे, आणि काम संपलं की घरी जा. उक्त्याला आमची ना नव्हती. वांदा एकाच गोष्टीचा होता. एका दिवसाच्या हजेरीला एका जोडीच्या किती चासी धरायच्या? चासी म्हणजे ट्रॉलीचा खालचा सांगाडा, सगळं ओझं पेलणारा. मालक म्हणत दोन. आम्ही म्हणत होतो एक. दोन धरल्या तर आजच्याएवढा पगार पाडायला रोज रात्री दहापर्यंत वेल्डिंगचा होल्डर हातात धरावा लागणार. एक धरली तर सहाला घरी. दिवेलागणीला माणूस आपल्या दारात बसलेला असणार.

आठवडाभर घासाघीस चालली. मग एके दिवशी मालक वैतागून म्हणाले, "तुमी करून दावा म्हटलं तर तुमी मुद्दाम गोगलगाय व्हणार. मी कुणाला बसवला तर तुमी म्हणणार मालकाचा माणूस. मीच बसतो. मी बी वेल्डरच हाय. आठला बसतो, सहाला उठतो. पन्नाशी उलटलेल्या गड्याला जेवढ्या जमतील तेवढ्याच धरायच्या. मग तर झालं?"

यावर कोण काय बोलणार? मग बजरंगनं विचारलं, "आणि फिटर कोण?"

"अण्णा. दुसरा कोण?"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. आमच्या कामाचं असं असतं की वेल्डर आणि फिटर अशी जोडी. फिटर लोखंड कापून, जुळवून देतो, वेल्डर ते जोडतो. लोकांना वाटतं, कामाचा वेग वेल्डरच्या हातात असतो. साफ खोटं. तो फिटरच्या हातात असतो. तुकडा तुकड्याला चिकटून बसला की वेल्डरचा रॉड सरळ चालत जातो. मध्ये फट राहिली की संपलं. वितळलेलं लोखंड फटीतून खाली गळतं. मग थेंब टाकायचा, थांबायचं, निवू द्यायचं, पुन्हा थेंब. वेळ तिप्पट जातो, रॉड जातात, कंबर जाते. बघणाऱ्याला वाटतं गडी जीव तोडून करतोय, आणि तो करतही असतो.

अण्णा माझाच फिटर होता. त्याआधी मालकांचा होता, मालक नुसते धनपाल होते तेव्हापासून. मालकांना होल्डर धरायला त्यानंच शिकवलं. दुसऱ्या कुणाचा तुकडा असता तर मालकांनी गुण्या लावून माप आणि काटकोन बघितला असता. अण्णाच्या तुकड्याला गुण्या लावायची शेडमध्ये कुणाची छाती नव्हती आणि कुणाला गरजही नव्हती.

म्हणून मी त्याला चहाला आणलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, सरळ सांगितलं. तो नाही म्हणाला. बजरंगनं म्हशीचं सांगितलं, तो हसला आणि नाही म्हणाला. मग मी माझ्या आईचं सांगितलं. ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि मी घरी जायच्या आत तिला झोप लागलेली असायची. हे खरंच होतं. पण मी ते आवाज जरा खाली घेऊन सांगितलं, आणि तो मी मुद्दाम खाली घेतला होता. अण्णाची आई लहानपणीच गेलेली, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा त्यानं विचारलं, फट म्हणजे किती.

दुसऱ्या दिवशी मालक आठच्या आधीच हजर. जुनी खाकी पँट चढवलेली, ती पोटावर बसत नव्हती म्हणून वरून सुतळी बांधलेली. सगळ्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं. मालकांनी मशीनला नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा अण्णाच्या हातावर ठेवला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

"अण्णा, तुमच्या जिवावर बसतोय बघा," ते म्हणाले.

अण्णानं खोबरं खाल्लं नाही. सदऱ्याच्या खिशात टाकलं.

रॉड हाताशी द्यायला आणि कामगारांच्या वतीनं बघायला म्हणून मी तिथं उभा होतो. अण्णानं लोखंडी चॅनेल अंथरली, खडूनं रेघा मारल्या, कटर चालवला. पहिला आडवा तुकडा जागेवर ठेवला. मी वाकून बघितलं. फट होती. सांगितली होती तेवढीच, दोन्ही टोकांना सारखी. फसवायचं कामसुद्धा अण्णानं मापात केलं होतं.

मालकांनी वेल्डिंगची काळी काच तोंडापुढं धरली, ठिणगी उडाली. दोन-चार थेंब पडले असतील, आणि मालक थांबले. काच खाली घेतली. जोडाकडं बघितलं. मग अण्णाकडं बघितलं. अण्णा पुढच्या तुकड्यावर रेघ मारत होता, त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, पकडलो गेलो. पण मालकांनी नुसते डोळे चोळले, काच वर धरली आणि पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं, सवय मोडलीय, डोळ्यांत काहीतरी गेलं असेल.

त्यानंतर दिवसभर ते तसंच चाललं. थेंब, थांब, थेंब, थांब. मालकांचा हात अजून सुरेख होता, ते कबूल करायला पाहिजे. एवढ्या फटीसुद्धा त्यांनी अशा भरल्या की वरून बघणाऱ्याला काही कळू नये. पण तोंडानं श्वास चालला होता. एक गुडघा टेकून बसायचे, मग दुसरा, मग दोन्ही. सवय नसल्यानं काच तोंडापुढं यायच्या आधीच ठिणगी पडायची, आणि फटीपायी पुन्हा पुन्हा ठिणगी पाडावी लागत होती. प्रत्येक वेळी तो पांढरा उजेड थेट डोळ्यांत. मी दोनदा म्हणालो, "मालक, जरा दमानं." खरं तर त्यांनी दमानंच करावं म्हणून तर सगळा उपद्व्याप. पण त्या वेळी मी ते मनापासून म्हणालो.

जेवायला मालकांच्या घरून डबा आला. मालकीणबाई सुनंदावैनींनी अण्णासाठी वेगळी वाटी पाठवली होती. त्याच्या दाढा गेलेल्या म्हणून भाकरी दुधात कुस्करून, वर साखर घालून. मालकांनी स्वतःच्या हातानं ती त्याच्यापुढं सरकवली.

"खावा अण्णा. दुपारच्याला जोर लावायचाय."

"पोट बरं न्हाई," अण्णा म्हणाला.

"काय झालं?"

"काय न्हाई. खोबरं बाधलं."

जे खोबरं खिशात होतं ते बाधलं म्हणाला. मी खाली मान घालून भाकरी खात राहिलो. मालक माझ्याकडंही बघत होते.

दुपारनंतर गडी आपापली कामं सोडून लांबून बघू लागले. बजरंग माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "लागतंय बघ निशाण्यावर." तो खूष होता. त्यानं खूष का होऊ नये? मी अण्णाकडं बघत होतो. तुकडा कापला की अण्णा त्याच्या टोकावरनं अंगठा फिरवायचा, ती त्याची जुनी खोड. त्या दिवशी प्रत्येक तुकड्यावरनं अंगठा फिरवताना तो तोंड दुसरीकडं करायचा. एकदा मी कानाशी जाऊन म्हणालो, "अण्णा, आता बास झालं, आता सरळ कापा. दोन काय आता व्हायच्या न्हाईत."

"मधीच सरळ कापलं तर त्याला कळंल की," अण्णा म्हणाला. "आता समदंच वाकडं करायला पायजे."

सहा वाजले. एक चासी पुरी झाली होती. दुसरी जमिनीवर नुसती मांडलेली, तिला वेल्डिंगचा एकच टाका पडलेला. मालक उठायला गेले आणि उठताच येईना. मी आणि बजरंगनं काखेत हात घालून उभं केलं. डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सगळे गोळा झाले.

"एक," मालक म्हणाले. "एकच धरा. उद्यापास्नं सहाला सुट्टी."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग जो कालवा उठला, पलीकडच्या पेट्रोल पंपावरची माणसं रस्त्यावर आली. बजरंगनं मला उचललं. मी खाली उतरून अण्णाला शोधलं तर त्याची सायकल जागेवर नव्हती.

त्या दिवशी मी उजेडात घरी गेलो. आई जागी होती. "आज लवकर?" म्हणाली. मी म्हणालो, "आता रोजच." तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ते सुख मी नाकारत नाही. नाकारलं तर आईचा अपमान होईल.

सकाळी दारात अण्णा उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. लग्नाला निघाल्यासारखा.

"चल. धनपालकडं जायाचंय."

"कशाला?"

"त्याचं डोळं सुजल्यात. रातभर झोपला न्हाई म्हणं. मी सांगून टाकणार हाय."

कपडे कसेबसे चढवून मी त्याच्या मागं धावलो. वाटेत किती परीनं सांगितलं. अण्णा, तुमचं मन हलकं व्हईल, पण आमच्या समद्यांच्या बोकांडी पुन्हा रात बसंल. अण्णा, मालक चिडलं तर दोन सोडा, तीन धरतील. अण्णा, माझ्या आईचा तरी इचार करा.

आईचं नाव काढताच तो थांबला. "सर्जा," म्हणाला, "तुझ्या आईचं तू मला परवा सांगितलंस. तवाच मी इचार केला. आता दुसऱ्यांदा नगं घालूस तिला मधी."

एवढ्या वर्षांत तो मला एवढं कडू कधी बोलला नव्हता.

मालक सोप्यात कॉटवर उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या. आमच्या धंद्यात डोळ्याला उजेड लागला की हेच औषध. रात्री डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं होतं, माणूस भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा बाकी राहतो. सुनंदावैनी ताटलीत नव्या चकत्या घेऊन आल्या आणि आमच्यावरच उखडल्या.

"या वयात ही थेरं कुणी सांगितलीवती? आणि तुमी बी, अण्णा, चार गोष्टी सांगायच्या सोडून त्यास्नी साथ देत बसलाय!"

"कोण, अण्णा आल्यात व्हय?" मालकांनी हवेत हात पुढं केला. "या, बसा. अगं, च्या टाक."

अण्णा बसला नाही. कॉटच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"धनपाल," तो म्हणाला, "मी काल तुकडं आखूड कापलं. समदं. मुद्दाम कापलं. यानं सांगितलं ते खरं, पर कापलं मी. मी नीट दिलं असतं तर एका चासीवर तुजं आणि किती काम झालं असतं, मला ठावं न्हाई. पुऱ्या दोन झाल्या असत्या का, ते बी न्हाई सांगता यायचं. ते आता कुणालाच कळायचं न्हाई. तुज्या डोळ्याचं जे झालं ते माज्यापाय झालं. आता तू काय धरायचं ते धर."

वैनींच्या हातातली ताटली तशीच राहिली. मी दाराची चौकट धरून उभा होतो. सहाची सुट्टी गेली, आमच्याबरोबर अण्णाही गेला, असंच माझ्या मनात आलं.

"ठावं हाय," मालक म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"फट. पयल्या जोडालाच कळलं. अण्णा, मला होल्डर तुमी शिकवला. रॉड खाली गळला की हाताला कळतं, डोळं मिटलं तरी कळतं." ते जरा थांबले. "मी काच काढून बघितलं. म्हटलं, ह्या माणसानं जल्मात मला आखूड तुकडा दिला न्हाई. ह्यो फट ठेवतोय, म्हंजे गड्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं असणार. म्हंजे माजंच चुकत असणार. मग म्हटलं, भराव्यात मुकाट्यानं. आणि अण्णा, एकच चासी राहू द्या. माजा शब्द हाय. काल कंबर मोडली तवा मला समजलं, रातच्या नवापतूर तुमास्नी मी काय करायला लावत हुतो."

सुटलो, असं वाटलं. मालकांचे पाय धरावेत असं वाटलं. मी अण्णाकडं बघितलं, वाटलं, आता म्हाताऱ्याचं तोंड उजळलं असेल.

अण्णाचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"तुला पयल्या जोडालाच कळलं," तो म्हणाला.

"व्हय."

"मग मला दिवसभर करू का दिलंस?"

हात डोळ्यांकडं नेऊन मालकांनी चकत्या काढल्या. डोळे लालबुंद, पापण्या टम्म सुजलेल्या, उजेड सोसत नव्हता तरी ते अण्णाकडं बघत राहिले.

"पयल्यालाच म्हणायचं हुतंस, अण्णा, ह्ये काय? मी तिथंच टाकला असता कटर. तू बघत बसलास. मी एकेक तुकडा नासवत गेलो, आणि तू बघत बसलास."

"चारचौघांत बोललो असतो तर तुमची मान खाली गेली असती, अण्णा."

"आणि आता वर हाय व्हय?"

सुनंदावैनी आत निघून गेल्या. अण्णानं टोपी घातली. जाताना तो कॉटजवळ आला, ताटलीतल्या दोन नव्या चकत्या उचलल्या आणि मालकांच्या डोळ्यांवर हलक्या हातानं ठेवल्या. मग बाहेर पडला.

एकच चासी राहिली. मालकांनी शब्द पाळला, पुढं त्यांच्या मुलानंही पाळला. आई त्यानंतर पाच वर्षं जगली, आणि त्या पाच वर्षांतलं तिचं रात्रीचं जेवण मी माझ्या हातानं भरवलं. बजरंगच्या म्हशीनं लाथ घालायचं बंद केलं. मला कुणी विचारलं, तीच वेळ पुन्हा आली तर काय करशील, तर मी तेच करीन. अण्णालाच सांगीन. दुसऱ्या कुणाची फट बघून मालकांनी गुण्या फेकून मारला असता. शेडमध्ये एकाच माणसाचा खरेपणा एवढा मोठा होता की त्यावर आम्हा सगळ्यांची सुट्टी निघाली, आणि तो आम्ही खर्चून टाकला. हे मला कळतं, आणि तरी मी तेच करीन म्हणतो. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णा कामावर येतच राहिला. माझाच फिटर राहिला, बोलणंचालणंही होतं तसंच राहिलं. फक्त सहा वाजले की आम्ही हात धुवायचो आणि तो धुवायचा नाही. दुसऱ्या दिवसाची चॅनेल काढायचा, रेघा मारायचा, अंधार पडेपर्यंत कापत बसायचा. त्याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत, मालक दोनदा सांगून दमले. सकाळी मी आलो की सगळे तुकडे तयार, एकमेकांना असे बसायचे की मध्ये कागद जाऊ नये. त्यामुळं आमच्या जोडीचं काम सगळ्यांच्या आधी उरकायचं, आणि कधीकधी मी सहाच्याही आधी मोकळा व्हायचो.

एकदा, बऱ्याच महिन्यांनी, डबा सायकलला अडकवून मी त्याच्यापाशी गेलो. बजरंग आणि बाकीचे फाटकाशी थांबले होते.

"अण्णा, चला की आता," मी म्हणालो. "सहा वाजलं."

त्यानं कापलेल्या टोकावरनं अंगठा फिरवला. "तुमचं वाजलं," तो म्हणाला. "जावा तुमी."

आम्ही गेलो.